टायर, काळं प्लॅस्टिक आणि बोनेटखालची सफाई: खान्देशातल्या गाडीवाल्यांसाठी

वॉशिंग सेंटरमधून गाडी बाहेर पडते तेव्हा टायर कसे काळेकुळकुळीत असतात. जळगावहून निघून एरंडोल गाठेपर्यंत त्याच टायरवर मातकट थर चढतो आणि दारांच्या खालच्या अंगाला काळे तेलकट शिंतोडे उडालेले दिसतात. टायरवर मारलेलं असतं ते तेलकट पाणी, आणि आपल्याकडची धूळ तेलकट जागा बरोब्बर शोधून काढते.

गाडी उजळवण्याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात, पण ते बनवणाऱ्यांकडे बोअरचं पाणी, मे महिन्यातलं भुसावळचं ऊन आणि कपाशीच्या वावरातली काळी माती नसते. ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतली आहे, विशेषतः कोणाची तरी जुनी घेतली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळी गाडी धुण्याबद्दल इथे बोलत नाही. फक्त टायर, बंपर-मडगार्डचं काळं प्लॅस्टिक आणि बोनेटखालचा भाग. या तिन्ही ठिकाणी नव्वद टक्के काम सफाईचं असतं. वरून लावायच्या औषधाला, म्हणजे ज्याला दुकानात ‘ड्रेसिंग’ म्हणतात त्याला, शेवटची पाच-दहा मिनिटं पुरतात. आणि ओली चकाकी दिसली तर काहीतरी जास्त झालंय असं समजा. दिसायला हवा तो कोरडा, शांत काळा रंग.

१. आधी वेळ, जागा आणि पाणी

एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच हात लावा. पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा टायर चटका देतो. त्यावर क्लीनर मारला की घासायच्या आत तो वाळतो आणि पांढरट ओघळ धरतात. तळहात टायरवर, रिमवर आणि बोनेटवर ठेवून बघा. गार लागलं तरच सुरुवात. लांबून आलेल्या गाडीचे ब्रेकही तापलेले असतात, त्यावर एकदम थंड पाणी मारू नये.

जागा सावलीची आणि पक्क्या फरशीची हवी. निंबाखाली गाडी लावायची आपली सवय चांगली आहे, पण धुताना तिथे उभी करू नका. ओल्या गाडीवर वरून पानं आणि पाखरांची देणगी पडत राहते. बोनेटखालून निघणारं पाणी तेलकट असतं. ते विहिरीकडे, गोठ्याकडे किंवा ढोरांच्या हौदाकडे वाहून जाणार नाही असा उतार बघा.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते काळ्या प्लॅस्टिकवर आपोआप वाळलं की पांढरे ठिपके राहतात, आणि काळ्यावर पांढरं लपत नाही. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. नसेल तर बोअरचं वापरा, पण शेवटचं पाणी मारल्यावर लगेच फडक्यानं टिपून घ्या.

इथेच एक फसवी काटकसर आहे. घरच्या आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणी बरेच जण बादलीत जमवून गाडीला वापरतात. पाणी वाचवायची भावना योग्य, पण त्या मशीननं पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच बादलीत उतरलेले असतात. ते पाणी मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त खारं. फरशी पुसा, संडासात टाका, गाडीला नको.

२. सामान

- दोन बादल्या आणि हवेच्या दाबाचा हातपंप असलेली किंवा साधी फवारणीची बाटली. शेतात औषध मारलेला पंप धुऊनसुद्धा गाडीला वापरू नका.
- टायरसाठी ताठ नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश अजिबात नको, रबर सोलतो.
- जुने दातांचे ब्रश दोन-तीन आणि रंगवायचा मऊ ब्रश, एक इंची व दोन इंची. पत्र्याच्या पट्टीवर चिकटटेप गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत.
- गाडीचा शाम्पू. कपडे धुण्याची पावडर नको. रंगावरचं मेण ती काढून टाकते आणि सांध्यांत पांढरी भुकटी सोडते.
- एक ‘ऑल पर्पज क्लीनर’. टायरसाठी साधारण १ भाग क्लीनर ४ भाग पाणी, बोनेटखाली १ भागाला १० भाग पाणी. पण कंपन्यांचा दाटपणा वेगवेगळा, त्यामुळे बाटलीवर जे छापलंय ते आधी वाचा.
- पाण्यात विरघळणारं ड्रेसिंग. ओळख सोपी: ते दुधासारखं पांढरं असतं. पारदर्शक, रॉकेलसारखा वास येणारं आणि बोटांत तेलकट लागणारं असेल ते दुसऱ्या जातीचं.
- लावायला फोमचा तुकडा. जुन्या उशीतला चालतो.
- मायक्रोफायबरची फडकी. टायरचं फडकं, प्लॅस्टिकचं फडकं आणि काचेचं फडकं वेगळं ठेवा. रंग वेगळे घेतले की घरातली लहान मुलंसुद्धा गोंधळ करत नाहीत.
- प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड, रबरी हातमोजे, १० नंबरचा पाना.
- गाडीचं मॅन्युअल. जुन्या गाडीबरोबर ते मिळालं नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवरून उतरवून घेता येतं.

३. टायर धुण्याआधी टायर बघा

खाली बसलाच आहात तर ही पाच मिनिटं द्या. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. आकडे बाहेरच्या अंगाला नसतील तर आतल्या अंगाला असतात, मोबाइलचा टॉर्च लागेल. खोबणींच्या तळाशी आडव्या लहान उंचवट्यांच्या खुणा असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर कायद्यानंही बाद. आपल्याकडे अगदी गोटा होईपर्यंत टायर पळवतात, पण पहिल्या पावसात डांबरावर तोच टायर घसरतो.

जुन्या गाड्यांच्या बाजारात टायर नेहमी ओलेचिंब काळे दिसतात, याला कारण आहे. दाट तेलकट ड्रेसिंगखाली बाजूच्या बारीक भेगा दिसत नाहीत. त्यामुळे जुनी गाडी बघायला जाताना खिशात फडकं ठेवा आणि टायरची बाजू पुसूनच बघा. विकणारा म्हणेलच, ‘गाडी कशी चमकी ऱ्हायनी भो!’ म्हणू द्या.

४. टायर धुणे

एका वेळी एकच चाक घ्या. चारही टायरवर क्लीनर मारून मग घासायला बसलात तर चौथा वाळून गेलेला असतो.

आधी नुसतं पाणी. पावसाळ्यात वावरातून आलेली गाडी असेल तर आपल्या काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घ्या: ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून दगड होते. वाळलेली माती खुरप्यानं किंवा चाकूनं खरवडू नका. पाणी मारून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, मग ती आपली आपण ढेकळानं सुटते. मडगार्डच्या आतल्या बाजूला, विशेषतः कडेला जी वळणाची पट्टी असते तिथे बोट घालून बघा. तिथली माती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो.

रिमच्या आतल्या अंगालाही बघा. शेतरस्त्यावरून हायवेला लागल्यावर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक थेट व्हील बॅलन्सिंगला जातात. पुष्कळदा रिमच्या आत एका बाजूला मूठभर चिखल वाळून बसलेला असतो, बाकी काही नाही.

आता क्लीनर फवारा, अर्धा मिनिट थांबा आणि ताठ ब्रशनं गोल गोल घासा. पहिला फेस चहासारखा तपकिरी निघेल. टायरच्या रबरात ६पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. हवेतल्या ओझोननं रबर तडकू नये म्हणून ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि तिथे हवेशी संयोग होऊन तपकिरी होतं. वर धूळ आणि मागच्या वेळच्या ड्रेसिंगमधलं सिलिकॉन बसतं. तो सगळा थर निघाल्याशिवाय नवीन काही लावलं तर ते रबराला धरणारच नाही.

फेस पांढरा येईपर्यंत घासा. पहिल्यांदा करताय तर दोन किंवा तीन वेळा क्लीनर मारावा लागेल. अक्षरांच्या खाचांत आणि रिमला टेकलेल्या कडेला दातांचा ब्रश फिरवा. शेवटी ओल्या टायरवर पांढरं फडकं दाबून ओढा. फडक्यावर काळसर डाग आला तर चालेल, तपकिरी आला तर अजून एक हात बाकी आहे.

रिमबद्दल थोडक्यात. काही ठिकाणी अ‍ॅलॉय व्हील उजळवायला आम्ल वापरतात. पांढरा धूर येतो, मळ पळतो आणि सोबत वरचा पारदर्शक थरही जातो. ‘चाकांना ॲसिड मारू नका’ हे गाडी उभी करतानाच स्पष्ट सांगा. घरी शाम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ब्रेकची काळी भुकटी आठवड्याला धुतली तर घट्ट बसतच नाही.

५. टायरला ड्रेसिंग

टायर पूर्ण वाळला पाहिजे. उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात फडक्यानं पुसून अर्धा तास.

फोमवर आठ-दहा थेंब घ्या आणि बाजूवर पसरवा. थेट टायरवर फवारू नका, कारण तो फवारा ब्रेकच्या डिस्कवर जातो. पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या फडक्यानं जास्तीचं पुसून घ्या. हीच पायरी सगळे गाळतात, आणि दारांवर उडणारे काळे ठिपके इथूनच येतात. पुसल्यावर बोट फिरवा: बोट कोरडं राहिलं पाहिजे. मग तासभर गाडी हलवू नका.

दिसायला कमी काळं वाटलं तर दुसरा पातळ हात द्या. एकच जाड हात कधीही देऊ नये.

जिथे ड्रेसिंग लावायचंच नाही त्या जागा पाठ करून ठेवा. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग. मोटारसायकलचे टायर, कारण वळणावर गाडी कलली की टायरचा कडेचाच भाग रस्त्याला टेकतो. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची पॅडलं, स्टिअरिंग, सीट. पॅडल चकचकीत करून देणारी हौशी पोरं प्रत्येक वॉशिंग सेंटरवर एक तरी असतात. गाडी ताब्यात घेताना पॅडलवर बूट घासून बघा.

घरगुती उपायांची यादी आपल्याकडे लांबलचक आहे. डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल, खोबरेल, बुटाचं काळं पॉलिश. डिझेल, रॉकेल आणि ऑइल रबरात मुरून ते फुगवतात आणि मऊ पाडतात. खोबरेल त्या मानानं निरुपद्रवी, पण गावच्या रस्त्यावर दहा मिनिटांत टायरला धुळीचं पीठ माखून देतं. बुटाचं पॉलिश पहिल्या पावसात ओघळतं. यातलं काहीच नको.

६. काळं प्लॅस्टिक

बंपरचा खालचा भाग, चाकांच्या कमानी, आरशांचे पाय, वायपरखालची जाळी, दारांवरच्या पट्ट्या. हे रंग न दिलेलं प्लॅस्टिक असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा पापुद्रा खडूसारखा राखाडी होतो. आपल्याकडे गाडी दिवसभर उघड्यावर उभी असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांतच फरक दिसायला लागतो. दक्षिणेकडे तोंड करून लावलेल्या गाडीचा पुढचा बंपर मागच्यापेक्षा लवकर पांढरा पडतो, हे कोणाच्याही अंगणात जाऊन बघा.

क्लीनर १ भागाला १० भाग पाण्यात घ्या, मऊ ब्रशनं प्लॅस्टिकच्या दाण्यांत घासा, धुवा, टिपा. बहुतेक डाग एवढ्यानंच जातात. हट्टी डागांचं मात्र वेगवेगळं आहे.

*पॉलिशचे पांढरे डाग.* रंगाला मेण लावताना हात कडेला घसरला की काळ्यावर पांढरं बसतं. शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हातानं घासा, मग क्लीनर आणि दातांचा ब्रश.

*क्षारांचे ठिपके.* पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन फडकं भिजवा, मिनिटभर ठेवा, पुसा आणि लगेच साध्या पाण्यानं धुवा. गाडीच्या रंगावर हे ओघळू देऊ नका.

*दसऱ्याचे डाग.* पूजा झाली की हळद-कुंकू आणि शेंदूर दिवाळीपर्यंत तसाच राहतो. हळदीची काळजी करू नका. धुऊन जे राहील ते उन्हानं फिकं पडतं, सूर्यप्रकाशात हळदीचा रंग टिकत नाही. शेंदूर तेलात कालवलेला असतो, म्हणून त्यावर आधी थेंबभर गोडेतेल लावून मऊ करा, फडक्यानं उचला आणि मग शाम्पू. थेट पाणी मारून घासलंत तर तो प्लॅस्टिकच्या दाण्यांत आणखी खोल जातो. यंदापासून बोनेटवर स्वस्तिक काढण्याऐवजी काचेवर काढा, एका पुसण्यात काम होतं.

*केळीचा चीक.* रावेर, यावल, चोपडा भागातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. कपड्यांवरचा चिकाचा डाग निघत नाही, तीच गत प्लॅस्टिकची. ओला असेपर्यंत साबणाच्या पाण्यानं निघतो. वाळून काळा-तपकिरी झाला की पूर्ण जात नाही. काळ्या प्लॅस्टिकवर ड्रेसिंगखाली लपतो एवढंच समाधान. रंगावर पडला तर रबिंग-पॉलिशवाल्याकडेच जावं लागतं. घड भरताना गाडी चार पावलं लांब उभी करणं हाच उपाय.

साफ झालं, वाळलं, की ड्रेसिंग फोमनं लावा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. साधं ड्रेसिंग काही आठवडे टिकतं आणि पावसात त्याहून कमी. प्लॅस्टिक फारच पांढरं पडलं असेल तर ‘ट्रिम रिस्टोरर’ किंवा प्लॅस्टिकवरचं सिरॅमिक कोटिंग घ्या, ते महिनोन्‌महिने राहतं. त्यात घाई चालत नाही: जागा पूर्ण तेलविरहित हवी, आजूबाजूच्या रंगाला चिकटटेप लावलेली हवी आणि लावल्यावर जास्तीचं लगेच टिपायला हवं, नाहीतर पट्टे वाळून बसतात. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात, मडगार्डच्या आत, बोटभर जागेवर करून बघा.

हीट गनवाल्या व्हिडिओंचा मोह होईल. प्लॅस्टिक तापवलं की ते खरंच काळं होतं, पण तो परिणाम टिकाऊ नसतो आणि हात एक क्षण थांबला की प्लॅस्टिकचा दाणा वितळून गुळगुळीत चट्टा पडतो. माझं मत विचाराल तर बंपर बदलायच्या बेतात असाल तरच करून बघा.

डॅशबोर्डला बाहेरचं ड्रेसिंग लावू नका. आपल्या उन्हात चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि चाळीसगावच्या घाटात वळणावर समोर सूर्य आला की रस्ता दिसेनासा होतो. ओल्या मायक्रोफायबरनं पुसा, फार तर आतल्या भागासाठीचं चमक नसलेलं औषध घ्या.

७. बोनेटखाली: हात घालण्याआधी

नवशिक्यांना भीती वाटते ती याच भागाची, आणि थोडी भीती असलेली बरी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पाण्यानं साफ करा. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी कोरडा ब्रश आणि फडकं पुरे.

करायचं तरी कशाला, तर दिसावं म्हणून. मळलेल्या इंजिनवर ऑइल गळतंय की नुसती धूळ-तेलाची खपली आहे हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही. साफ इंजिनवर नवा ओघळ दुसऱ्या दिवशी उठून दिसतो. म्हणूनच, उलट बाजूनं, जुनी गाडी घेताना बोनेटखाली आरशासारखं चकाकत असेल तर शंका घ्या आणि आठवडाभर चालवून पुन्हा बघू द्या म्हणावं.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर ही पायरी सोडून द्या. नारिंगी रंगाच्या जाड वायरी म्हणजे उच्च दाबाची वीज. तिथे फक्त कोरडं फडकं, तेही प्लॅस्टिकच्या झाकणांवरून. बाकी सर्व्हिस सेंटरला. बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर किटचे कंट्रोल युनिट, रेग्युलेटर आणि वायरींचे जोड कुठे आहेत ते बसवणाऱ्याला विचारून घ्या. ते मूळ कंपनीनं बसवलेले नसल्यानं कुठेही असू शकतात.

आता क्रमानं:

अ) इंजिन पूर्ण गार. कमीत कमी दोन तास बंद. रेडिएटरचं झाकण उघडायचं काहीच कारण नाही, त्याला हात नको.

आ) मोबाइलवर दोन-चार फोटो काढा. कुठली नळी कुठे होती हा प्रश्न नंतर पडला तर कामाला येतात.

इ) पानं, काड्या, कापूस हातानं काढा. वायपरखालच्या जाळीत निंबाची पानं साचतात, पाणी जायची वाट बुजते आणि पावसात तेच पाणी आत पायाशी उतरतं. बोनेटच्या आतल्या नमद्यात उंदीर घर करतात. घरटं असेल तर हातमोजे घालून काढा आणि वायरी कुरतडल्यात का बघा. कुरतडलेली वायर दिसली तर आज पाणी नाही. आधी इलेक्ट्रिशियन.

ई) बॅटरीची निगेटिव्ह (−) वायर काढा, १० नंबरच्या पान्यानं. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. किल्ली गाडीत ठेवून दारं लावू नका. घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग उडेल. काही गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमला कोड लागतो, मॅन्युअलमध्ये आधी बघा.

उ) झाका. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), फ्यूज बॉक्स, इंजिनचं कंट्रोल युनिट, बॅटरी, एअर फिल्टरचं हवा घेणारं तोंड आणि पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारी). पिशवी चढवा, रबरबँड लावा. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) घट्ट बसलीय ना, तेही बघा.

पेट्रोल गाडीच्या कॉइलवर जरा जास्त लक्ष द्या. कॉइलखाली स्पार्क प्लग खोल विहिरीत बसलेला असतो. कॉइलच्या टोकाचं रबरी आवरण जुनं होऊन सैल झालं असेल तर पाणी आत उतरतं आणि गाडी धुतल्यानंतर झटके देत, तीनच सिलिंडरवर चालायला लागते.

८. बोनेटखाली: सफाई

कोरडा दोन इंची ब्रश वरून खाली फिरवा. ब्लोअर असेल तर धूळ उडवून घ्या, तोंडाला रुमाल बांधा. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांच्या गाडीत राखेचा बारीक थर असतो, तोही कोरडाच काढा. जितकी धूळ कोरडी निघेल तितकं पाणी कमी लागतं.

पातळ केलेला क्लीनर गाडीवर फवारण्यापेक्षा ब्रशवर घ्या आणि भागाभागानं घासा. झाकणं, बॅटरीचा ट्रे, पाण्याच्या टाक्या, बोनेटच्या बिजागऱ्या. स्वस्त, कॉस्टिकचा उग्र डिग्रीझर (तेलकट मळ काढणारं औषध) इंजिनच्या ॲल्युमिनियमवर पांढरे चट्टे पाडतो, म्हणून सौम्यच घ्या आणि वाळू देऊ नका. मग ओल्या फडक्यानं पुसा. पाणी मारायचंच असेल तर फवारणीच्या बाटलीनं, धुकं पडावं तसं. प्रेशरगन बोनेटच्या आत आणूच नका. जोडांची रबरी सीलं पावसाचे शिंतोडे अडवायला असतात, बंदुकीचा दाब अडवायला नाही.

डिझेलचा फवारा हा आपल्याकडचा जुना रिवाज. इंजिन आणि खालचा सांगाडा डिझेलनं ‘उजळून’ देतात. पाईप, बुश, बेल्ट सगळ्यांच्या रबरावर ते बसतं, धूळ धरतं आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ तर आगीला आमंत्रण. एका ठिकाणी आमच्या गाडीच्या फॅनबेल्टवर असंच डिझेल उडालं. नंतर कितीतरी दिवस सकाळी चालू करताना गाडी अशी किंचाळायची की गल्लीतली कुत्री उठायची.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट खार आली असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून दातांच्या ब्रशनं लावा. बुडबुडे थांबले की ओल्या फडक्यानं पुसा. हातमोजे घालूनच. जोडल्यानंतर वरून व्हॅसलिनचा पातळ हात.

रेडिएटर आणि त्यापुढचा एसीचा कंडेन्सर नीट बघा. ऑक्टोबरपासून कपाशी निघते, जिनिंगकडे भरलेल्या ट्रॉल्या जातात आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या प्रत्येक गाडीच्या जाळीत कापूस अडकतो. त्यावर किडे आणि धूळ बसली की नमदा तयार होतो. एसी कमी थंड करतोय म्हणून गॅस भरायला जाण्याआधी हे बघा. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनंच, वरून खाली. पाणी द्यायचं झालं तर हलक्या धारेनं आणि जमेल तिथे इंजिनच्या बाजूनं बाहेर, म्हणजे आत शिरलेला कचरा आल्या वाटेनं निघतो. जोरानं घासलं तर पाती वाकतात.

९. वाळवणे आणि शेवटचा हात

पिशव्या काढा. फडक्यानं टिपा, ब्लोअर असेल तर जोडांमध्ये हवा मारा. बोनेट उघडं ठेवून तासभर थांबा. मग बॅटरी जोडा, आत कुठे फडकं-ब्रश राहिला नाही ना ते बघा, गाडी चालू करा आणि दहा-पंधरा मिनिटं जागेवरच चालू द्या. सैल बाही, ओढणी, गळ्यातला रुमाल पंख्यापासून लांब.

गाडी झटके देत असेल किंवा इंजिनचा दिवा लागला तर तशीच पळवू नका. बंद करा, कॉइल आणि जोड पुन्हा वाळवा, तासाभरानं बघा. तरीही दिवा राहिला तर मेकॅनिक.

इंजिन पुन्हा गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या झाकणांना आणि पाण्याच्या रबरी पाईपांना दुधी ड्रेसिंग फडक्यावर घेऊन लावा आणि पुसून काढा. बेल्ट, पुली आणि एक्झॉस्टच्या जवळपास काही लागता कामा नये. चमकणारा स्प्रे मारून सगळं एका दमात उरकायची पद्धत आहे, पण तो स्प्रे बेल्टवर जातोच जातो.

१०. क्रम आणि साठवण

तिन्ही एकाच दिवशी करणार असाल तर आधी बोनेट, मग टायर, मग बाकी गाडीचं धुणं, आणि ड्रेसिंग सगळ्यात शेवटी. वरचा मळ खाली गळतो, त्यामुळे उलट केलंत तर टायर दोनदा धुवावे लागतात.

ब्रश शाम्पूत धुऊन उलटे वाळवा. टायरच्या फोमचा तुकडा वेगळ्या डब्यात, त्याला वाळू लागली तर पुढच्या वेळी ती प्लॅस्टिकवर ओरखडे काढेल. बाटल्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीत दुधी ड्रेसिंग फाटतं, वर पाणी आणि खाली गोळे. जिन्याखाली, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा, आणि क्लीनर कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. भरायलाच लागला तर बाटलीवर मार्करनं मोठ्या अक्षरात नाव लिहा.